घरी ब्रेथ टेस्ट करायचीय, आदल्या दिवशी सासूबाईंना जेवायला काय वाढू?

देवगडकरीण:
सासूबाईंचं पोट सारखं फुगतं, जेवल्यावर गुडगुड, ढेकरा. डॉक्टरांनी हायड्रोजन ब्रेथ टेस्ट सांगितलीय, लॅक्ट्युलोजवाली (म्हणजे लॅक्ट्युलोज नावाचं गोड औषध पिऊन मग नळीत फुंकायचं), किट घरी आलंय, रविवारी करायचीय. आदल्या दिवशी साधं जेवण द्या एवढंच म्हणाले, पण आमच्याकडे नारळाशिवाय पान हलत नाही. उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी चालेल का? त्यांना शुगर पण आहे.

लॅबवाली_रत्नागिरी:
ताई, पिठी अजिबात नको. कडधान्यं, कांदा, लसूण, दूध, फळं, हे आतड्यातले जंतू आंबवतात, त्यातून हायड्रोजन तयार होतो, रक्तातून फुफ्फुसात जातो आणि श्वासात उतरतो. मशीन तोच मोजतं, त्यामुळे आदल्या दिवशीचं काही पोटात उरलं तर पहिलाच आकडा वर येतो आणि टेस्ट वाया जाते. उकडा राहू दे, साधा पांढरा भात ताजा करा, सोबत मीठ-हळद लावून थोड्या तेलात परतलेलं पापलेट किंवा उकडलेलं अंडं. नारळ, सोलकढी त्या दिवशी बंद. नंतर १२ तास फक्त पाणी. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन उपाशीपोटी कसं घ्यायचं ते डॉक्टरांना आजच फोन करून विचारा, हे प्लीज अंदाजाने करू नका. आणि गेल्या ४ आठवड्यांत अँटिबायोटिक झालं असेल तर तेही सांगा, तारीख पुढे ढकलावी लागते.

मालवणी_दादा:
मी केलीय ही टेस्ट. सकाळी दात घासून घ्यायचे, तंबाखू-मिश्री काही नाही (आमच्याकडच्या बायकांना हे मुद्दाम सांगावं लागतं). औषध प्यायल्यावर ठरलेल्या वेळाने फुंकायचं, माझ्या किटला दर २० मिनिटांनी होतं, मोबाईलला अलार्म लावा आणि प्रत्येक नळीवर वेळ तेव्हाच लिहा, नंतर लिहू म्हटलं की घोळ होतो. जोरात फुंकायचं नाही, सावकाश सोडायचं, श्वासाचा शेवटचा भागच कामाचा असतो. मधे झोपू देऊ नका, अंगण झाडायलाही नको.

देवगडकरीण:
थँक्यू दोघांना! मिश्री त्या लावतातच, बरं झालं सांगितलंत. रात्री भाताऐवजी घावणे चालतील?

लॅबवाली_रत्नागिरी:
नुसत्या पांढऱ्या तांदळाच्या पिठाचे, ताजे, नारळाचा रस न घेता चालतील. आंबोळी नको, त्यात उडीद असतो.