सिकलसेलचा पेशंट, पित्तनळीत खडा, ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळीतला खडा काढणं) सांगितली आहे. घरच्यांना काय सांगायचं?

उपकेंद्र_धानपट्टा
24 वर्षांचा मुलगा, सिकलसेल एसएस (दोन्ही जनुकं सिकलची), गडचिरोली जिल्हा. डोळे लहानपणापासून थोडे पिवळेच, म्हणून घरच्यांनी यावेळीही मनावर घेतलं नाही. आता तीन आठवड्यांपासून अंगाला खाज, लघवी गडद, शी मातकट पांढरी. एकूण बिलिरुबिन 11.4, त्यात डायरेक्ट (यकृताने प्रक्रिया केलेलं) 7.9. अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्त अडलं की वाढणारं एन्झाइम) 512, हिमोग्लोबिन 7.8. सोनोग्राफीत पित्ताशयात बरेच खडे, पित्तनळी 12 मिमी, खालच्या टोकाला 8 मिमीचा खडा. ताप नाही. नागपूरला ईआरसीपी सांगितली आहे. घरचे विचारून राहिले: पोट कापणार का? एमआरआयवर भागत नाही का? आधी बाबाकडून कावीळ उतरवून आणू का? आणि परत आल्यावर आम्ही उपकेंद्रात काय बघायचं?

गॅस्ट्रो_विदर्भ
बाबाचं आधी. दूषित पाण्याची कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए किंवा ई, बहुतेकांची आपोआप उतरते आणि श्रेय बाबाला जातं. नळीत अडकलेला खडा माळ घालून उतरत नाही. मागे साचलेल्या पित्तात जंतू वाढले की थंडी वाजून ताप येतो, बीपी पडतं. सिकलसेलमध्ये प्लीहा कामातून गेलेली असते, त्यामुळे हे फार झपाट्याने होतं. ताप आला तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी हलवा.

सिकलसेलमध्ये लाल पेशी सतत फुटतात म्हणून बिलिरुबिन एरवीही वाढलेलंच असतं, पण ते बहुतेक इनडायरेक्ट. त्याच फुटलेल्या पेशींमुळे कमी वयात काळे पिगमेंट खडे होतात. म्हणून अशा पेशंटमध्ये एकूण आकड्यावर जाऊ नका, डायरेक्ट किती आणि नळी किती रुंद ते बघा. नळी 6-7 मिमीपर्यंत ठीक. इथे 12 आहे, डायरेक्ट अर्ध्याहून जास्त आहे आणि खडा दिसतोय. एमआरआय म्हणजे एमआरसीपी फक्त चित्र देते, खडा काढत नाही. खड्याची शंकाच असती तर आधी एमआरसीपी किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफी (दुर्बिणीच्या टोकावरून केलेली) केली असती. इथे थेट ईआरसीपी बरोबर आहे. निव्वळ निदानासाठी मात्र ती आता कोणी करू नये, कारण तिचे धोके खरे आहेत.

पोट कापत नाहीत. तोंडातून जाणाऱ्या दुर्बिणीचा कॅमेरा समोर नसून बाजूला असतो, कारण पित्तनळीचं तोंड लहान आतड्याच्या पहिल्या वळणानंतर भिंतीवर असतं. तिथून बारीक तार नळीत सरकवायची, रंग सोडून एक्स-रेच्या पडद्यावर खडा बघायचा, नळीचं तोंड विजेच्या तारेने थोडं कापायचं आणि फुगा किंवा जाळी फिरवून खडा आतड्यात ओढायचा. तो शौचावाटे जातो. 8 मिमीचा खडा सहसा फुग्याने येतो. 15 मिमीच्या पुढे मोठ्या फुग्याने तोंड रुंद करावं लागतं किंवा खडा आतच फोडावा लागतो. सगळं मिळून साधारण अर्धा ते एक तास.

अवघड भाग तार योग्य नळीत घालण्याचा. पित्ताची आणि स्वादुपिंडाची नळी एकाच तोंडाशी उघडतात. पाचपेक्षा जास्त वेळा टेकवावं लागलं, पाच मिनिटांहून जास्त वेळ गेला किंवा तार चुकून एकापेक्षा जास्त वेळा स्वादुपिंडात शिरली, तर ती केस अवघड धरतात. स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका तिथेच वाढतो.

एंडो_सिस्टर
तयारीचं सांगते, कारण अर्ध्या केसेस इथेच परत जातात. जड जेवण आठ तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. पण सिकलच्या पेशंटला कोरडं ठेवू नका. उपाशी काळात सलाईन सुरू हवं, अंगावर ब्लँकेट हवं. एंडोस्कोपी रूमचा एसी जोरात असतो. गाडीने रात्रभर प्रवास करून सकाळी थेट टेबलावर चढवणं टाळा, आदल्या दिवशी भरती करा.

पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) करूनच पाठवा. पित्त आतड्यात पोहोचत नसलं की व्हिटॅमिन के शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो. आयएनआर 1.5 च्या वर असेल तर व्हिटॅमिन केचं इंजेक्शन देऊन पुन्हा बघतात. प्लेटलेट 50,000 च्या वर हव्यात. क्लोपिडोग्रेल किंवा वॉर्फरिन ही रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी ती डॉक्टरला विचारून काही दिवस आधी थांबवायचं असतं, ॲस्पिरिन सहसा चालू राहते. हायड्रॉक्सियुरिया (सिकलचं नेहमीचं औषध) बंद करायला कोणी सांगितलं नसेल तर बंद करू नका.

पेशंटला पालथं झोपवतात, तोंडात प्लास्टिकची कडी, झोपेचं इंजेक्शन, नाकाला ऑक्सिजन. स्वादुपिंडाची सूज टाळायला 100 मिग्रॅ डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथॅसिनची सपोझिटरी गुदद्वारातून देतात. सिकलमध्ये किडनी कमजोर असू शकते, म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत द्या. तो नसला की डॉक्टर अडतात.

उपकेंद्र_धानपट्टा
समजलं. नंतर पोट दुखलं तर ते सिकलचा क्रायसिस (बारीक रक्तवाहिन्या अडून होणारं दुखणं) की स्वादुपिंडाची सूज, हे इथे बसून कसं ओळखायचं? आणि स्टेंट (पित्तनळी उघडी ठेवणारी बारीक नळी) बसवला तर?

गॅस्ट्रो_विदर्भ
ओळखायचा प्रयत्न करू नका, लायपेज (स्वादुपिंडाच्या एन्झाइमची रक्ततपासणी) करा. सिकलचा पेशंट म्हटलं की प्रत्येक दुखण्यावर क्रायसिसचा शिक्का बसतो आणि पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाची सूज) सुटतो. ईआरसीपीनंतर 24 तासांत वरच्या पोटात, पाठीकडे जाणारं नवं दुखणं आणि लायपेज नॉर्मलच्या तिपटीहून जास्त, म्हणजे सूज. दर शंभरात साधारण 3 ते 10 जणांना होते, बहुतेकांची सौम्य. पोट फळीसारखं कडक झालं किंवा गळ्याजवळची कातडी दाबल्यावर कुरकुरली तर आतड्याला भोक पडलं असेल. काळी, डांबरी शी म्हणजे कापलेल्या जागेतून रक्तस्राव, तो दोन आठवड्यांपर्यंत उशिरानेही होतो. लोहाच्या गोळीनेही शी काळी दिसते, पण ती चिकट नसते आणि पेशंटला चक्कर येत नाही.

आता स्टेंट. सगळे खडे निघाले तर लागतोच असं नाही. लागला तर 7 किंवा 10 फ्रेंचचा (3 फ्रेंच म्हणजे 1 मिमी जाडी) प्लास्टिकचा. तो साधारण तीन महिन्यांत गाळाने तुंबतो, म्हणून तेवढ्यात काढायचा किंवा बदलायचा. पेशंटला बरं वाटतं, खाज जाते आणि स्टेंट आत आहे हे घर विसरतं. ऑगस्टमध्ये बसवला तर काढायची वेळ नेमकी धानकापणीत येते. सहा-आठ महिन्यांनी तोच पेशंट थंडीतापाने येतो, स्टेंटभोवती नवे खडे धरलेले असतात. डिस्चार्ज कार्डावर स्टेंट कुठला, किती, कधी काढायचा हे लिहून घ्या आणि तारीख तुमच्या रजिस्टरला आणि आशाताईकडे दोन्हीकडे ठेवा. स्वादुपिंडात बारीक 5 फ्रेंचचा स्टेंट टाकला असेल तर तो बहुधा आपोआप पडतो. 5 ते 10 दिवसांनी पोटाचा एक्स-रे काढून पडला का ते बघायचं. तो एक्स-रे ग्रामीण रुग्णालयातही होतो, त्यासाठी नागपूरची फेरी नको.

आणि पित्ताशय काढायचंच आहे. खड्यांचं कोठार तसंच राहिलं तर पुन्हा खडा सरकेल. नळी साफ झाल्यावर शक्यतो दोन आठवड्यांत. त्याआधी रक्त देऊन हिमोग्लोबिन साधारण 10 पर्यंत आणतात. त्याहून फार वर नेलं की रक्त दाट होऊन उलटंच होतं.

वडसा_मेडिकलवाला
मध्येच विचारतो. 62 वर्षांचे गृहस्थ, कावीळ, दुखणं अजिबात नाही, वजन 9 किलो उतरलं. त्यांनाही हीच ईआरसीपी?

गॅस्ट्रो_विदर्भ
आधी स्वादुपिंडाचा प्रोटोकॉल सीटी (स्वादुपिंड नीट दिसेल अशा पद्धतीने काढलेला). दुखण्याशिवाय वाढणारी कावीळ आणि उतरणारं वजन म्हणजे स्वादुपिंडाच्या डोक्याचा कॅन्सर नाही हे सिद्ध होईपर्यंत तोच धरायचा. खर्रा-बिडीबद्दल विचाराच, तंबाखूचा यात हात आहे. ऑपरेशन होण्यासारखं असेल तर ईआरसीपी करून नळी उघडणं दरवेळी गरजेचं नसतं, उलट जंतुसंसर्ग वाढू शकतो. ऑपरेशन शक्य नसेल तर 10 मिमीचा धातूचा स्टेंट, तो प्लास्टिकपेक्षा बराच जास्त टिकतो. तपासणीसाठी गाठीचा तुकडा एंडोस्कोपिक सोनोग्राफीतून सुईने घेतात. सीटी आधी का, तर स्टेंट टाकल्यावर आजूबाजूची सूज आणि धातूची चमक यांनी गाठीची हद्द नीट दिसत नाही.

एंडो_सिस्टर
दोघांसाठीही: रेशन कार्ड, आधार आणि सगळे जुने रिपोर्ट मूळ प्रतीत. जन आरोग्य योजनेत बसतं का ते भरतीआधी त्या दवाखान्याच्या आरोग्यमित्राला विचारा, टेबलावर गेल्यावर नाही. सिकलचं कार्ड असेल तर तेही.