नाशिकला फुकट स्प्लॅश पॅड? आधी क्लोरीनची वही दाखवा

पंप-पाना
काल इथं एकाने लिहिलं की अमेरिकेसारखे फुकट स्प्लॅश पॅड, म्हणजे पोरांनी भिजत खेळायच्या कारंज्यांच्या फरशा, नाशिकच्या बागाबागांत करा. पाणी साठत नाही, बुडायची भीती नाही, जीवरक्षक नको, 'खर्च काय तो नळाचा'. हे शेवटचं वाक्य वाचून राहवेना.

नळाचंच बोलू. एका नोझलचे मिनिटाला १५ लिटर धरा. मध्यम पॅडला २० नोझल, म्हणजे मिनिटाला ३००. दुपारी चार ते रात्री नऊ चालवलं की ९० हजार लिटर. दहा हजारी टँकर नऊ, रोजचे. माणशी १३५ लिटरने साडेसहाशे लोकांचं पाणी.

मग म्हणाल, तेच पाणी फिरवू. फिरवा की! खरी रड तिथंच सुरू होते. जमिनीखाली दहा हजार लिटरची टाकी, वाळूचा फिल्टर, क्लोरीन सोडणारा डोसिंग पंप. पाणी थोडं, पोरं पन्नास, त्यात ते हवेत उडतं आणि वरून ऊन. क्लोरीन भराभर उतरतं. सकाळी ओ.टी. टेस्ट केली, म्हणजे पाण्यात थेंब टाकले, पिवळं दिसलं, झालं काम, हे इथं चालत नाही. ओ.टी. एकूण क्लोरीन दाखवते. मोकळं, म्हणजे जंतू मारायला शिल्लक, किती ते बघायला डीपीडीची गोळी लागते. दर दोन तासांनी, पीएचसकट, वहीत नोंद आणि सही. दहा हजार लिटरला १ पीपीएम (लिटरमागे १ मिलिग्रॅम) क्लोरीन वाढवायला १० टक्क्यांचं हायपो, म्हणजे क्लोरीनचं द्रावण, १०० मिली. पण वैशाखात पत्र्याच्या शेडमध्ये महिनाभर पडलेला कॅन १० टक्क्यांचा राहत नाही, आणि आपला माणूस तेच माप ओतत राहतो.

२०२१ मध्ये टेक्सासच्या आर्लिंग्टनमध्ये सार्वजनिक स्प्लॅश पॅडच्या पाण्यातल्या अमीबाने एक मूल गेलं. ते तिथं तीन दिवस खेळलं होतं, त्यातल्या दोन दिवसांच्या क्लोरीनच्या नोंदीच नव्हत्या. तिथं ही गत. इथं वही कोण लिहिणार, त्याचं नाव सांगा, मग नोझल मोजू.

गंगापूररोडकर
ते लिहिणारा मीच. २० नोझल सतत चालू असं मी कुठं म्हटलं? खांबावर बटण असतं. दाबलं की तीन मिनिटं पाणी, मग बंद. पोरं नसली की थेंब नाही. ९० हजारांचा बागुलबुवा कशाला?

पंप-पाना
रविवारी संध्याकाळी सहाला ते बटण एक क्षण तरी सुटेल का? पोरं रांग लावून दाबतील. बटणाने मंगळवारची दुपार वाचते, रविवार नाही. आणि आधी बिघडतं ते बटणच. कोणीतरी त्यात काडी खुपसतं, मग वायरमन थेट जोडून देतो, की बसलं दिवसभर चालू.

सातपूर सेकंड शिफ्ट
दोघं क्लोरीनवरच अडलात. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब करणारा परजीवी क्लोरीनला जुमानत नाही. १ पीपीएमला मरायला साडेदहा दिवस. एखाद्या पोराला जुलाब झाला आणि ती घाण टाकीत गेली तर पॅड बंद करून २० पीपीएमवर पावणेतेरा तास ठेवायचं, दहा हजार लिटरला २ लिटर हायपो. २००५ साली न्यूयॉर्क राज्यात सेनेका लेकच्या उद्यानात हेच झालं, हजारो आजारी पडले. त्यानंतर त्यांनी फिरत्या पाण्याला यूव्ही, म्हणजे जंतू मारणारा अतिनील किरणांचा दिवा, सक्तीचा केला. यूव्ही लावा, विषय संपला.

पंप-पाना
विषय संपला? टाकी कशाने भरणार? बोअरने. आपल्या काळ्या पाषाणातलं बोअर, कठीण पाणी. यूव्हीच्या क्वार्ट्झच्या नळीवर पांढरा थर चढतो. दिवा जळताना दिसतो, पण किरण पाण्यापर्यंत पोचत नाहीत. नोझलची भोकं २ मिलीमीटरची, तीही बुजतात आणि फवारा तिरका जाऊन रस्त्यावर पडतो. महिन्याला नोझल काढून सायट्रिक अ‍ॅसिडमध्ये बुडवायचे. निविदेत ही ओळ लिहिलेली कधी पाहिली?

द्राक्षाचा मणी
९० हजार लिटरचं काय घेऊन बसलात! एक टीएमसी म्हणजे २,८३० कोटी लिटर. ९० दिवसांच्या उन्हाळ्यात तुमचा पॅड ८१ लाख पितो. एका टीएमसीत असे साडेतीन हजार उन्हाळे. आमच्या धरणांतलं पाणी खाली पैठणच्या जायकवाडीला सोडताना नोझल मोजता का?

पैठणगेट
आलं का जायकवाडी! धागा पोरांच्या कारंज्याचा, आणि ह्यांचं दुखणं तेच. वरच्या-खालच्या धरणांत पाण्याचं समन्यायी वाटप २००५ च्या कायद्यात आहे. जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तरच वरून सोडायचं, असं २०१४ च्या आदेशात ठरलं. आणि हिशोबही चुकीचा. धरणातलं पाणी कच्चं, पॅडचं शुद्ध करून, पंपाने चढवलेलं.

द्राक्षाचा मणी
कायदा आम्हालाही वाचता येतो. नाशिककडच्या गंगापूर-दारणा धरणांतून निघालेलं पाणी पैठणला पोचेपर्यंत कोरड्या पात्रात मुरतं किती, ते त्या कायद्यात लिहिलंय?

पैठणगेट
मुरतं की काठावरच्या मोटारी ओढतात? पाणी सोडताना नदीकाठची वीज तोडावी लागते ती कोणासाठी, माशांसाठी?

द्राक्षाचा मणी
आमची बाग आमच्या नदीवर. तुम्ही आधी तुमचा ऊस मोजा.

पैठणगेट
'आमची नदी'! गोदावरी नाशिकलाच संपते असं भूगोलात वाचलं वाटतं.

गंगापूररोडकर
अहो, धागा! माझा सुधारित प्रस्ताव ऐका. टाकी नको, फिल्टर नको. फक्त पाच नोझल, चार तास, १८ हजार लिटर. एक एकर हिरवळीला उन्हाळ्यात चौरस मीटरला ५ लिटर धरलं तर २० हजार लागतातच. नळाचं क्लोरीनवालं पाणी पोरांच्या अंगावरून बागेत जाऊ दे. फरशी झाडू-फिनिश काँक्रीटची, मीटरला २ सेंटीमीटर उतार. गुळगुळीत टाइल नको.

सातपूर सेकंड शिफ्ट
हे जमेल. मात्र हिरवळीच्या आधी गाळ-खड्डा हवाच, नाहीतर काळ्या मातीचा चिखल पुन्हा पोरांच्या पायाने पॅडवर. आणि जाळ्या लोखंडी नकोत, भंगारात जातील.

पंप-पाना
बाग आज बोअरवर भिजते, तुम्ही तिला नळाचं पाजणार. म्हणजे १८ हजार शुद्ध लिटर रोज वाढलेच, वाचले नाहीत. पण टाकी गेली, हे मान्य. पाच नोझलपुरतं गप्प बसतो. तेही डीपीडी किट ठेवलं तर. नळाचं पाणी बागेच्या साठवण टाकीत दोन दिवस पडून मग येणार असेल, तर क्लोरीन आहे कुठे?

गंगापूररोडकर
थेट लाइनवरून घेऊ.

पंप-पाना
थेट लाइनला पाणी सकाळी सहाला येतं. पोरं संध्याकाळी सहाला.

द्राक्षाचा मणी
जायकवाडीला मात्र चोवीस तास.