मदत हवी आहे: पाळीत रक्त किती जातं, हे विचारायचं कसं?

नमस्कार मंडळी,

सार्वजनिक आरोग्य या विषयात माझं पदव्युत्तर शिक्षण चालू आहे. पाळीतला अतिरक्तस्राव आणि त्यातून होणारी लोहाची कमतरता हा प्रबंधाचा विषय. प्रश्नावलीतल्या सहाव्या प्रश्नापाशी पंधरा दिवस अडून बसले आहे: 'तुम्हाला रक्तस्राव किती होतो? कमी / मध्यम / जास्त.'

हा प्रश्न कुचकामी आहे हे मला घरातच कळलं. माझ्या ताईने 'मध्यम'वरच खूण केली असती. रात्री दोनदा उठून पॅड बदलायचं, चादरीखाली प्लॅस्टिक घालायचं, हे तिच्या लेखी नेहमीचं होतं, कारण आईचंही तसंच होतं. जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा कुठे रक्त तपासलं. हिमोग्लोबिन निघालं ७. बाईचं किमान १२ तरी असायला हवं. त्याआधी दोन डॉक्टरांना दाखवून झालं होतं. दोघांनीही 'पाळी नियमित आहे ना?' एवढंच विचारलं. नियमित तर होतीच.

मग मोजायचं कसं? एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त म्हणजे अतिरक्तस्राव, ही सीमारेषा १९६६ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या बायकांच्या पाहणीतून आली. तेव्हा वापरलेले पॅड गोळा करून, रसायनात भिजवून त्यातलं रक्त मोजत. पद्धत अचूक, पण महिनाभराचे पॅड जपून कोण आणून देईल? १९९० मध्ये चित्रांचा तक्ता आला. थोडा भिजलेला पॅड १ गुण, मध्यम भिजलेला ५, पूर्ण भिजलेला २०, गाठींचे गुण वेगळे, आणि बेरीज शंभरावर गेली की अतिरक्तस्राव समजायचा. पण तो तक्ता पॅड आणि टॅम्पॉनसाठी बेतलेला. कपडा वापरणारीने काय लिहायचं? पाळीत रक्त साठवायला आत घालतात त्या कपवर मिलिलिटरच्या खुणा असतात खऱ्या, पण पाळीत जातं ते सगळं रक्त नसतं. निम्म्याहून जास्त भाग इतर द्रवाचा असू शकतो.

अलीकडे व्याख्याच बदलली आहे: बाईच्या रोजच्या जगण्यात अडथळा येतो तो अतिरक्तस्राव. मला ही व्याख्या मनापासून पटते, मोजमापापेक्षा बाईचं म्हणणं इथे वर ठेवलंय. तरीही ताई यातूनही निसटली असती. त्या चार दिवसांत लांबचा प्रवास नाही, फिकट कपडे नाहीत, अशी तिने सगळी घडीच बसवून घेतली होती. 'अडथळा येतो का?' विचारलं तर ती 'नाही' म्हणाली असती, आणि खरं बोलतेय असंच तिला वाटलं असतं.

स्त्रीरोग विभागात काम करणाऱ्यांनी सांगा, तुम्ही नेमकं काय विचारता? संख्याशास्त्रवाल्यांनो, कपडा, पॅड आणि कप वापरणाऱ्या एकाच मापात बसवू की वेगळे गट करू? आणि ज्यांनी हे स्वतः सोसलंय त्यांना विनंती: कुठला प्रश्न कुणी वेळेवर विचारला असता, तर तुमचं उत्तर 'हो' आलं असतं?

प्रतिसाद:
मी बारा वर्षं स्त्रीरोग विभागात परिचारिका आहे. 'किती जातं?' हे मी विचारतच नाही. 'काय करता?' विचारते. दोन पॅड एकावर एक लावता का? भरून गेला म्हणून दोन तासांच्या आत बदलावा लागतो का? रात्री त्यासाठी उठता का? अडीच सेंटिमीटरहून मोठ्या गाठी पडतात का? बायका यांची उत्तरं पटापट देतात, लाजतही नाहीत.

पण तुझ्या लिहिण्यात 'आईचंही तसंच होतं' इथे मी थबकले. फॉन विलेब्रांड नावाचा रक्त नीट न गोठण्याचा आजार आहे, तो घराण्यात चालतो. फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रांड या डॉक्टरांनी १९२६ मध्ये त्याचं वर्णन केलं. ऑलंड बेटांवरच्या ज्या मुलीपासून हा शोध सुरू झाला, ती पुढे चौथ्या पाळीच्या रक्तस्रावात गेली. 'आईलाही असंच' हे आपण धीर द्यायला म्हणतो, पण खरं तर ते ऐकलं की तपासणी करायला हवी. ताईंना दात काढल्यावर किंवा काही लागल्यावर रक्त थांबायला वेळ लागतो का? नाकातून येतं का?

मूळ प्रश्नकर्ती:
तुमचं वाचून लगेच ताईला फोन केला. अक्कलदाढ काढली तेव्हा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत रक्त येत होतं म्हणाली. आईला विचारलं, तर तिला माझ्या वेळच्या बाळंतपणानंतर रक्त चढवावं लागलं होतं. आजवर आम्ही कुणी हे एकत्र जोडून पाहिलंच नव्हतं. दोघींना घेऊन रक्तविकारतज्ज्ञांकडे जाते आहे.

सहावा प्रश्न खोडला. त्या जागी तुमचे चार घातले आहेत, आणि पाचवा दातांचा. कपडा आणि कपचं मात्र अजून अडलेलंच आहे, त्यावर कुणी सांगेल का?