जॉन हर्टला ‘अंगाई’ म्हणणाऱ्यांना उत्तर

सहातारा: काल डेल्टावेडा यांनी लिहिलं की मिसिसिपी जॉन हर्ट हा जुना अमेरिकन गिटारवाला गायक म्हणजे आजोबांची अंगाई, खरा ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं, चार्ली पॅटन आणि सन हाऊस या गायकांचा, हर्टला साठच्या दशकातल्या गोऱ्या कॉलेजच्या पोरांनी मोठा केला. वाचून डोकंच फिरलं. हर्टचं ‘लुई कॉलिन्स’ ऐकलंय का? पोरगा गोळी लागून मेलाय, आई रडतेय, आणि हर्ट आवाज जराही न चढवता ते सांगतोय. ओरडलं तरच दुःख खरं का? वयाने तो पॅटनच्या बरोबरीचा, सन हाऊसपेक्षा मोठा. 1928 ला ओकेह या रेकॉर्ड कंपनीसाठी मेम्फिस आणि न्यूयॉर्कला रेकॉर्डिंग केलं, रेकॉर्ड खपल्या नाहीत, मग मंदी आली आणि हा परत आपल्या गावी, अॅव्हलॉनला शेतात राबायला. तेव्हा कुठे होती ती कॉलेजची पोरं?

डेल्टावेडा: वाजवणं वाईट आहे असं मी म्हटलंच नाही, परत वाचा. अॅव्हलॉन डेल्टाच्या, म्हणजे मिसिसिपीतल्या सपाट मुलखाच्या, काठावर, टेकड्यांच्या बाजूला. त्याची बरीच गाणी ब्लूजच्या आधीच्या चालीची, नाचगाण्याच्या रात्री वाजवायची. पॅटनचा आवाज ऐकून अंगावर काटा येतो, हर्टचा ऐकून नाही येत, मी काय करू? 1963 ला न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात लोकांना गोड म्हातारा हवा होता, तो मिळाला.

रानवाट: ‘मिळाला’ काय! टॉम हॉस्किन्स या जुन्या ब्लूजच्या वेड्याने 1963 ला हर्टच्याच ‘अॅव्हलॉन ब्लूज’मधल्या गावाच्या नावावरून त्याला शोधला, तेव्हा या माणसाकडे स्वतःची गिटार नव्हती. 35 वर्षं कुणी विचारलं नाही आणि मग चार वर्षांच्या आत, 1966 ला, गेला. मला याचा राग येतो. बाकी वाद तुमचा चालू द्या. पण त्याचा अंगठा ऐका हो, खाली जाड तारांवरचा बेस अजिबात थांबत नाही आणि वरच्या तारांवर बोटं भलतंच काहीतरी गातात. आमच्या क्लासमध्ये हे कुणी दाखवलंच नाही, नुसतं स्ट्रमिंग आणि चार कॉर्ड, सगळे पैसे पाण्यात.

क्लासवाला: सगळं क्लासवर ढकलू नका. मी शिकवतो. पालकांना गॅदरिंगला पोराने सिनेमातलं गाणं वाजवलेलं हवं असतं, महिनाभर नुसता अंगठा घोटवून घेतला तर पोरगं दुसऱ्या क्लासला जातं. भाडं कोण भरणार, जॉन हर्ट?

रानवाट: म्हणजे शिकवणार नाही, वर ओरडणार आमच्यावर. माझ्या भावाने क्लास सोडला तो सोडलाच, परत गिटार हातात धरली नाही, त्याचं काय?

क्लासवाला: तुमच्या भावाचं मला कसं माहीत असणार! भाषा जपून वापरा.

डेल्टावेडा: भांडण कुठून कुठे गेलं. सहातारा, रात्री ‘लुई कॉलिन्स’ परत लावलं. अंगाई हा शब्द मागे घेतो, बस. पॅटन वरच राहणार.

सहातारा: राहू दे की वर, पॅटन मलाही आवडतो. पण त्याला वर ठेवायला हर्टला खाली ओढायची गरज नव्हती, एवढंच म्हणत होतो.

क्लासवाला: आणि रानवाट, भावाला सांगा, आधी एकाच कॉर्डवर नुसता अंगठा, पाचवी तार, चौथी, पाचवी, चौथी, बोलता बोलता चालेल इतका सवयीचा होऊ दे. बोटं नंतर. यासाठी फी लागत नाही.