मदत हवी आहे: मठाच्या आराखड्यात पर्माकल्चर, चौक उतारावर बसत नाही

रेवती_वास्तू
नमस्कार. सावंतवाडी तालुक्यात कॅथलिक मठाचा आराखडा करतेय. जुन्या पद्धतीचाच हवा आहे: चर्च, त्याला लागून चारी बाजूंनी पडवी असलेला चौक, भोजनगृह, शयनगृह. आणि सगळं पर्माकल्चरच्या तत्त्वांवर, म्हणजे निसर्गाच्या रचनेप्रमाणे घर, पाणी, शेती एकत्र आखायची. सहा एकर, जांभा. पाणी अडवायला उताराला आडवे समपातळीचे चर आखले की चौकातून जातात, चौक फिरवला तर चर्चही फिरतं आणि वेदी पूर्वेला राहत नाही. पुढच्या आठवड्यात नकाशा द्यायचाय. सेंद्रिय शेतीच्या लिंका नकोत, वाचून झाल्यात.

कुळागरकर
उतार कुठल्या दिशेला? पाणी विहिरीचं, झऱ्याचं की टँकरचं? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

माळीबुवा
जांभ्यावर आधी जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रव खत. एक कोकण कपिला गाय पाळा, शेण-गोमूत्र घरचं. माती जिवंत झाली की बाकीचं होतंच.

कुळागरकर
बुवा, त्यांना चौक कुठे बसवायचा ते हवंय. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, माती वीतभर, जीवामृत टाकणार कशावर?

माळीबुवा
वीतभर आहे म्हणूनच म्हणतोय! चर खणून माती येत नाही.

सातबारा
जमीन कुणाच्या नावावर आहे? शेतजमीन असेल तर बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय घेता येत नाही, न्यासालाही नाही. आधी बिनशेती बघा.

रेवती_वास्तू
जमिनीचे कागद झालेत, तो प्रश्नच नाही. उतार वायव्येला. वरच्या अंगाला झरा आहे, मार्चपर्यंत टिकतो.

वसईची_लेक
मठ कुठल्या संघाचा? ब्रदर की सिस्टर? यावर अर्धा आराखडा ठरतो.

रेवती_वास्तू
बेनेडिक्टाइन सिस्टर, बंदिस्त मठ. पंधराएक जणी. त्याचा पाण्याशी काय संबंध?

वसईची_लेक
आहे ना. बंदिस्त म्हणजे शेतावरचे गडी कुंपणाच्या आत येणार नाहीत. रोज हात लागतो ते सगळं आत, गोठा आणि गड्यांची कामं बाहेर. संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या नियमावलीत, ६६व्या अध्यायात, हेच आहे: पाणी, गिरणी, बाग, कारागिरी शक्य तर आवारातच असावी. इ.स. ८२०च्या सुमाराचा, स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅल मठाचा आराखडा बघा. औषधी वाफे वैद्याच्या घराशेजारी आणि दफनभूमीतच फळझाडं. तुमचे पर्माकल्चरचे झोन, म्हणजे जिथे जास्त जाणं ते जवळ या हिशोबाने पाडलेले पट्टे, तिथे आखून ठेवलेत.
आणि झोन शून्य, म्हणजे मधला केंद्रबिंदू, म्हणून घर धरू नका, चर्च धरा. त्या नियमावलीप्रमाणे दिवसातून सात वेळा आणि रात्री एकदा प्रार्थना. शयनगृह ते चर्च ही वाट सर्वांत जास्त तुडवली जाणार. भाजीचे वाफे तिच्या कडेला घ्या, येताजाता नजर राहील.
आमच्या वसईत बागायतीला पाणी बावखळातून, म्हणजे वाडीतल्या खोदलेल्या तळ्यातून, मिळायचं. किती बुजवली! तुमच्याकडे जागा आहे तर एक खोदाच.

कुळागरकर
वसईच्या मातीत बावखळ ठीक, जांभ्यात पाणी ठरत नाही. चिरे तिथलेच काढणार असाल तर खाणीचा खड्डा वाया घालवू नका, अस्तर करून टाकं करा. वरच्या अंगाला, म्हणजे पाणी पंपाशिवाय उतरेल.
चौक फिरवू नका. इमारतीच्या वर एकच मोठा चर घ्या आणि डोंगराचं पाणी दोन्ही बाजूंनी वळवा. चौकात फक्त छपराचं पाणी यावं. खाली माती साठलेली असेल तिथे कुळागर: नारळ, सुपारी, सुपारीवर मिरी, मधे केळी. न्हाणीचं सांडपाणी केळीला.

स्थापत्य_७१
टाकं बरोबर वर नको. अस्तर फाटलं तर पाझर थेट इमारतीच्या पायात येईल. बाजूला सरकवा, थोडा उतार गेला तरी चालेल.

कुळागरकर
बाजूला घेतलं तर झऱ्याचा पाट लांबतो.

स्थापत्य_७१
लांबू दे. पाट दुरुस्त होतो, पाया होत नाही. आणि युरोपात ऊन मिळावं म्हणून चौक बहुधा चर्चच्या दक्षिणेला घेतात. इथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही नैर्ऋत्येचा. दक्षिण-पश्चिम पडव्या भिजून जातील. चौक उत्तरेला घ्या, चर्चच्या भिंतीचा आडोसा मिळेल. पश्चिमेची पडवी खोल ठेवा.

पाहुणा२
अशा मठात राहायला मिळतं का? कॅथलिक नसलं तरी?

रेवती_वास्तू
उत्तरेला चौक हे सुचलंच नव्हतं, त्याने चराचाही प्रश्न सुटतोय बहुतेक. पण मग दफनभूमी कुठे? ती मला चर्चच्या दक्षिणेला हवी होती, आणि तिथे आता चर येतोय.

वसईची_लेक
कबरींच्या वरून चर नको. पूर्वेला, वेदीच्या मागे न्या. तिथे फणस-कोकम लावा.

माळीबुवा
सुपारी श्रीवर्धनीच घ्या. आणि आळ्यात जीवामृत.