पाडव्याच्या जेवणाला विजोड भांडी: कुठे शोधू, कशी मांडू?

ऐरोलीची_सून
यंदा दिवाळी पाडव्याचं जेवण आमच्याकडे आहे, १२ माणसं. घरात सहाचाच डिनर सेट. वर्षातून एकदा लागणाऱ्या गोष्टीसाठी नवा घ्यायचा नाहीये. नौपाड्याच्या मावशीने घर आवरताना चिनी मातीच्या सुट्या प्लेट्स आणि दोन पितळी वाट्या दिल्यात. बाकीचं जुन्या बाजारातून जमवावं म्हणते. सासूबाईंचं मत : "चार घरांतून मागून आणल्यासारखं दिसेल." कुठे मिळेल आणि मांडू कसं? टेबल सहा जणांचं आहे. गुडघ्यांमुळे पाटावर कुणी बसणार नाही.

पाचपाखाडीकर
आधी सोसायटीच्या ग्रुपवर टाका. आमच्याकडे इमारत रिडेव्हलपमेंटला गेली की माळ्यावरचं सगळं खाली येतं, बरंचसं फुकट. भंगारवाल्यालाही सांगून ठेवा, काच-चिनी माती तो नाहीतर फोडूनच टाकतो.
मुंबईच्या चोर बाजारात जायचं तर हार्बरने सँडहर्स्ट रोडला उतरून चालत जाता येतं. तिथल्या मटण स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात. तिथलं 'अँटिक' पितळ अनेकदा नवंच असतं, मुद्दाम काळवंडवलेलं. वजनावर भाव करा, जुनेपणाच्या कहाण्यांवर नको.

कोपरखैरणे_सेक्टर
सासूबाईंचा मुद्दा खरा आहे, पण उपाय सोपा. ताटं कितीही वेगळी असोत, प्रत्येकात केळीचं पान गोल कापून घाला. काठ तेवढा वेगवेगळा दिसतो, आणि तो छानच दिसतो. पान विस्तवावर किंचित शेकलं की कापताना फाटत नाही. ठाण्यात जांभळी नाक्यावर पानं मिळतात, पण सणाला सकाळी लवकर जा.
शेजाऱ्यांचं टेबल आणून जोडा आणि दोन्हींवर मिळून एकच जुनी नऊवारी घाला. ८ मीटरच्या आसपास असते, दुहेरी केली तरी पुरते. उंचीतला फरकही झाकतो.
वाट्या मात्र सगळ्यांना एकाच धातूच्या. तिथे विजोडपणा खपत नाही. (माझं मत, भांडायला तयार आहे.)

रसायनवाली_ताई
पितळी वाट्यांना आतून कल्हई आहे का बघा. नसेल तर ताक, कढी, कोशिंबीर त्यात नको, कळकतं. झेंडू ठेवा. जुन्या रंगीत चिनी मातीच्या झिलईत शिसं असू शकतं आणि आंबटाने ते उतरतं. त्या प्लेट्स पणत्यांखाली घ्या किंवा सुक्या फराळाला, तोही कागदावर. केळीच्या पानाच्या भरवशावर त्यात लिंबू-लोणचं वाढू नका. केसाएवढा तडा असेल तर ती प्लेट जेवायला नकोच.

ठाणे_पूर्व
वाट्या एकसारख्या?? अजिबात नाही. जुन्या स्टीलवर नावं कोरलेली असतात, तीच तर मजा. आमच्याकडे एका वाटीवर 'मुंजीनिमित्त सप्रेम भेट' आहे, खाली कुणा अनोळखी मामांचं नाव. पाहुणे श्रीखंड संपवायच्या आधी वाटी उलटी करून वाचतात.

ऐरोलीची_सून
केळीचं पान आणि नऊवारी पक्कं. वाट्या स्टीलच्या, नावांसकट, म्हणजे दोघांचंही ऐकलं. मावशीच्या प्लेट्स पणत्यांखाली. पितळी वाट्यांना कल्हई नाहीये. ऐरोलीच्या आसपास करून मिळेल?

पाचपाखाडीकर
दारावर येणारा कल्हईवाला आता क्वचितच दिसतो. तांब्या-पितळेच्या दुकानात विचारा, काही जण करून आणून देतात. दिवाळीच्या आठवड्यात गेलात तर कुणी हात लावणार नाही, आत्ताच टाका.