मदत हवी आहे : सीनाकाठच्या तिऱ्ह्याचे जुने फोटो, आठवणी

नमस्कार मंडळी. सोलापूर-मंगळवेढा रस्त्यावरच्या आमच्या तिऱ्हे गावाची माहिती गोळा करतोय. सप्टेंबर २०२५ च्या पुरात आमची पत्र्याची पेटी चिखलात बुडाली. आजीच्या लग्नाच्या फोटोत आता फक्त मुंडावळ्या ओळखू येतात. सातबारा परत काढता येतो हो, फोटो कुठून आणायचा?

हीच सीना पुढे हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते. तिथल्या शके ९४० च्या मराठी शिलालेखाचा अभिमान आहेच, पण आपल्या साध्या गावाचंही लिहून ठेवायला हवं.

कुणाचे आजोबा इथून सोलापुरातल्या १८७७ च्या जुन्या कापड गिरणीत कामाला जायचे का? पूल नव्हता तेव्हा नदी कशी ओलांडायचे? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून सांगा, जत्रेचा एखादा फोटो असला तर नक्की टाका.